कमळमावशीचं शून्य

१० नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट चालला! गोडाऊनमधल्या स्कॅनच्या लाखभर नोंदी, आणि त्यातून प्रत्येक लॉगिनमागे एक ओळ — महिन्यात किती खोकी काढली. कामगारांची यादी आधी घेतली, तिला स्कॅन जोडले. उलटं केलं असतं तर एकही स्कॅन नसलेले गळून गेले असते.

शैलेश सर मोठ्याने म्हणाले, "शून्यवाले पण पकडले हिने!"

शून्य एकच. कमळ. ओळखलं.

११ नोव्हेंबर

सरांनी कागद खाली गोडाऊनच्या फळ्यावर लावला. कमळ शनिवारपासून कामावरून बंद.

कमळमावशी आमच्या आळीतली. दरवर्षी आईबरोबर वज्रेश्वरीला जाते. इथे मी तिला मावशी म्हणत नाही. माझ्या पहिल्या दिवशी तिने लांबून हाक मारली, तेव्हा मी मोबाइल कानाला लावला. फोन आलेलाच नव्हता.

१३ नोव्हेंबर

आज खाली गेले. आधीच जायला हवं होतं. निम्म्या स्कॅनरच्या बॅटऱ्या टिकत नाहीत, म्हणून दोघींत एक. एक स्कॅन करते, दुसरी खोकी काढते. बाकीच्या आलटून पालटून आपापलं लॉगिन टाकतात. मावशी कधीच नाही — तिच्या जोडीच्या मनिषाची कंबर दुखते, म्हणून खोकी कायम हीच उचलते. सगळी मोजली जातात मनिषाच्या नावावर!

मावशी म्हणाली, "क्षितिजा, तुझ्या कम्प्युटरला मी दिसलीच न्हाय? एवढी जाडी हाय तरी?"

सगळ्या हसल्या. मी "बघते" म्हणाले आणि वर आले. सर चहा पीत होते. शब्द तोंडापर्यंत आले — पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, ते सरच ठरवणार. बसले जागेवर.

१४ नोव्हेंबर

क्वेरी चार प्रकारे फिरवली. डेटात मावशी नाहीच, तर आणणार कुठून? हे तोंडानेच सांगावं लागेल. आज सांगितलं नाही.

घरी आई म्हणाली, "कमळला का काढतात गं?" पानावरून उठले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालचा रिपोर्ट. कमळ — गोडाऊनमधली सगळी खोकी. बाकी सगळ्या — शून्य. खालच्या बायकांनी प्रत्येक स्कॅनरवर तिचंच लॉगिन टाकलं!

सर धावत आले. "क्वेरी बिघडली काय?"

"नाही सर. सोमवारी होती तीच आहे. चुकले मी. खाली चला, सांगते. गेटवर माझी मावशी उभी आहे."