ठेंगूच्या पोटातली जागा

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५
आलो बाई एकदाचे करंजाड्याला! सहावा मजला, दोन गॅलऱ्या, भरपूर उजेड. पुण्यातल्या त्या काळोख्या फ्लॅटपुढे हे म्हणजे राजवाडाच. शैलेशची बोट दोन दिवसांपूर्वी न्हावा शेव्याहून सुटली, त्यामुळे सामान लावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात. नवऱ्यानं बोटीवर नोकरी धरली की खोकी बायकोनं उघडायची असा नियमच असावा. माझं ऑफिस घरूनच आणि मनूची नवी शाळा पाच मिनिटांवर, म्हणजे तक्रारीला जागा नाही. मनू सात वर्षांची आहे. गणवेश कालच शिवून आला, अगदी मापात. आरशासमोरून हलायला तयार नव्हती.

रविवार, ५ ऑक्टोबर
आज मला लॉटरी लागली. उरण रोडवर काशिरामकाकांचं भंगाराचं गोडाऊन आहे. काका मूळचे उरणकडच्या करंजा गावचे, होड्या बांधणारे सुतार. आता हात थरथरतो म्हणून परदेशातून कंटेनर भरून येणारं भंगार घेतात. तिथे फोटोकॉपी मशीनच्या ढिगाखाली मला तो दिसला. चाळीसेक वर्षांपूर्वीचा बुटका कॉम्प्युटर, स्क्रीन आणि मशीन एकाच डब्यात, वर उचलायला खाच, रंग उतू गेलेल्या दुधाच्या सायीसारखा. मी तिथल्या तिथे बारसं केलं, ठेंगू.

आतलं जुनं सगळं काढायचं आणि त्या एवढ्याशा पोटात आजचं दणदणीत मशीन बसवायचं, हा माझा कॉलेजपासूनचा नाद. शैलेशला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला आधी स्वयंपाकघर लाव. लावते की.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
जुनी काचेची नळी सांभाळून काढली. आता आत नुसता पत्र्याचा सांगाडा उरला आहे. पण जागेची बोंब. माझी मापपट्टी कुठल्या खोक्यात आहे देव जाणे आणि टेप त्या फटीतून आत वळत नाही. शेवटी मनूला बोलावलं. तिचा हात बरोब्बर आत गेला. तिनं वीत ताणली, मी फटीतून पेन्सिल आत सरकवून अंगठ्याजवळ आणि करंगळीजवळ खुणा केल्या आणि आतल्या पत्र्यावर लिहिलं, ‘मनूची वीत’. मग बोटं लावून लावून तिथेच खाली यादीच केली:

बोर्ड – मनूचं अर्धं बोट कमी
पॉवर सप्लाय – मनूचं एक बोट कमी
पंखा – मनूचं एक बोट कमी
नवी स्क्रीन – मनूचं दीड बोट कमी
ग्राफिक्स कार्ड – मनूची एक वीत कमी

शेवटचं आपलं गंमत म्हणून लिहिलं. एवढं लांब कार्ड त्यात कुठलं बसायला! मनूला फार मजा वाटली. दिवसभर सांगत होती की आई तिच्या हातानं कॉम्प्युटर बनवते.

बुधवार, ८ ऑक्टोबर
बोर्ड बसला! सकाळी सहज लावून पाहिला तर चारही स्क्रू जागच्या जागी. म्हणजे काल मापात माझीच गफलत झाली. आमच्या नादिष्टांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळे विचारतायत पत्रा कापला का. छे हो, एक ओरखडासुद्धा काढला नाही. मी आज हवेत आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर
पॉवर सप्लायही बसला. हेही परवापर्यंत बसत नव्हतं. जुना पत्रा आहे, सैलावत असेल. मनूचा गणवेश खांद्यावरून उतरतोय. शिंप्याला चांगलं झापणार आहे. सॅंडलही ढगळ झाल्यात म्हणते. पोरगी जेवत नाही नीट, दुसरं काय.

सोमवार, १३ ऑक्टोबर
काल पंखा बसवला. आज शाळेतून आल्यावर मनू बेसिनच्या नळापर्यंत पोचेना. गेल्या आठवड्यात पोचत होती. मला हसू आलं आणि मग ते तोंडातच राहिलं.

तिला उचललं, ठेंगूजवळ नेलं, म्हटलं परत वीत लाव बघू. अंगठा खुणेवर ठेवला. करंगळी दुसऱ्या खुणेच्या बरीच अलीकडे राहिली. मोजलं. तिचीच अडीच बोटं.

अर्धं, एक, एक.

तशीच डॉक्टरकडे धावले. त्यांनी उंची घेतली, पुण्याच्या शाळेचं सप्टेंबरचं कार्ड पाहिलं आणि शाळेनं चुकीचं लिहिलंय म्हणाले. पोर ठणठणीत आहे, तुम्ही जरा विश्रांती घ्या म्हणाले. मला!

मंगळवार, १४ ऑक्टोबर
ठेंगूमधून सगळं बाहेर काढलं. बोर्ड, सप्लाय, पंखा, एकूण एक स्क्रू. रिकामा केला. यादी खोडरबरानं पुसली, जात नाही. थिनर लावलं, तरी पेन्सिल तश्शीच.

शैलेशला व्हिडिओवर मनू दाखवली. त्याला काहीच वेगळं दिसलं नाही. फोनवर सगळेच छोटे दिसतात ना. म्हणाला, अगं कादंबरी, तू एकटी आहेस म्हणून असं होतंय. शुक्रवारी सुट्टी मिळवून कोचीनहून येतो. शुक्रवार. अजून तीन दिवस.

बुधवार, १५ ऑक्टोबर
सकाळी पाहिलं, तर स्क्रीनपुरती जागा झाली आहे. मी काही बसवलं नाही. डबा रिकामाच होता.

मनू टेबलाखालून ताठ चालत गेली.

तिला ओढणीत गुंडाळून, कडेवर घेऊन, ठेंगूला रिक्षात घालून काशिरामकाकांकडे गेले. त्यांनी डब्यात बॅटरी मारून यादी वाचली. म्हणाले, “आमी होडीला जित्या मानसाच्या हातानं माप घेत नाय, पोराच्या तर नायच नाय. दोरीनं घेतो नि दोरी खाडीत सोडतो. जागा कमी परली का वस्तू ज्याचा माप, त्याच्याकडनं घेतं.” मला हे कोण सांगणार होतं? मी इंजिनीअर ना. मी हौसेनं पोराचं नाव आत लिहून ठेवलं.

फोडून टाकू का विचारलं. ते नको म्हणाले. मी ऐकलं नाही. घरी येऊन हातोडीचा एकच घाव घातला. आतल्या खोलीत मनू किंचाळली. मनगट सुजलंय तिचं. सॉरी गं बाळा. सॉरी.

एकच ओळ उरली. एक वीत. तिची वीत म्हणजे ती सगळीच. सगळी मनू.

बुधवार, संध्याकाळ
काकांना फोन केला. रडले, पाया पडते म्हटलं. शेवटी ते म्हणाले, नाव पुसून माप जात नाही. त्याच्यावर दुसऱ्याचं माप घालायचं. ते स्वतः यायला तयार होते. पण त्यांच्या थरथरत्या हाताची वीत एका जागी ठरणार कशी? आणि दुसऱ्या कुणाला सांगू मी? कुणाच्या दारात जाऊन म्हणू, तुमचा हात द्या?

माझा हात आहे की.

मोठा हात आत जात नव्हता. सालटी निघाली, पण घातला. वीत ताणली. प्रत्येक ‘मनू’वर पेन्सिल दाबून लिहिलं – आई. सहा वेळा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
मनू मोठी झाली! झाली परत! गणवेश मापात, सॅंडल मापात, नळापर्यंत हात. मी तिला धरून किती रडले. ती मला धरायला खाली वाकली –

माझा कुडता जमिनीवर लोळतोय. चालेल. चालेल मला. चार बोटं गेली, जाऊ देत. उद्या शैलेश येतो. तोपर्यंत मनूला पोळीचा डबा कुठे, शेजारच्या चारुताताईंचं दार कुठलं, बाबांचा नंबर, सगळं पाठ करून घेतलं. दोनदा म्हणून दाखवलं तिनं. हुशार आहे माझी पोरगी.

एकच ओळ उरली. माझी वीत. म्हणजे मी.

मला भीती वाटते. खूप भीती वाटते. पण ती माझी आहे, तिची नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
पहाटेपासून – भराभर –
मनूनं उचलून टेबलावर ठेवलं. पेन नको, पेन्सिलीचा तुटका तुकडा दिला. दोन्ही हातांनी –

शैलेश विमानतळावर उतरलाय. मनूला फोनवर म्हणाला, दोन तासांत पोचतो. दोन तास –

मनू विचारते, आई तू परत मोठी कधी होणार. होईन म्हटलं. तिला ऐकू आलं नाही. ओरडून म्हटलं. नाही –

ती ठेंगूकडे बघते आहे. तिनं परवा सगळं ऐकलंय. फोन चालू असताना ती दारातच होती – मला कसं सुचलं नाही – पेन्सिलबॉक्स उघडला –

मने नको –

म्हणते, “आई, तू रडू नको, मी माझं नाव परत लिहिते.”

नको मने – हात घालू नको – इकडे बघ, आईकडे बघ – मी इथे आहे – बाबा येतायत, थांब – ऐकू जात नाही तिला – कागदावर मोठं लिहिते, मोठ्ठं, तिला वाचता येईल एवढं – तुकडा हलत नाही – म – ने – ना