पेटीत आंबे किती?

रत्नागिरी, २ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी भांडतो म्हणून पत्र लिहायला लावलंस, तर घे, कागदावर भांडतो. आमच्या आंबा-वाहतुकीच्या बुकिंगला बागायतदारांचे प्रोग्राम जोडायचे, तर आमचं एपीआय, म्हणजे दोन प्रोग्राम जोडणारा दुवा, कसं वापरायचं ते मी लिहून दिलं. दोन पानं, सुटसुटीत! मालगुंडच्या बागायतदार संघात उर्वी म्हणून नवी प्रोग्रामर आलीय, नागपूरची. तिने तीनदा फोन करून विचारलं, पेटीत आंबे किती धरायचे? मी ओरडलो, पेटी म्हणजे पेटी, एवढं कळत नाही तर प्रोग्रामिंग करता कशाला? तिने फोन ठेवला. साहेब म्हणाले, बारा तारखेपर्यंत तिने कुणाला न विचारता, नुसतं वाचून जोडणी केली तर तू राहा, नाहीतर निघ. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला दुसरं कोण ठेवणार गो? आणि ताई, तिचा आवाज... जाऊ दे.

रागावली नसलीस तर तुझाच,
शुभंकर

लोटे, ५ एप्रिल २०२५

चि. शुभंकरास,
अ. उ. आ.

'जाऊ दे'च्या आधीची टिंबं पाहिली हो! आता ऐक. आमच्या कारखान्यात एकाच यंत्राशेजारी दोन फलक आहेत. नव्या माणसासाठी पहिला कॉक उघडण्यापासून एकेक पायरी, जुन्यांसाठी नुसता तापमानाचा तक्ता. आमचे जुने कामगार शिवाकाका त्या पायऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण त्या काढल्या तर नवा माणूस हात भाजून घेईल. पेटी चार डझनांची की सहा, हे बाबांना फळ बघून कळतं. नागपूरच्या मुलीने काय बघायचं, शहाण्या? 'हे काय सांगायचं' म्हणून जे गाळलंस, तेच आधी लिही. माफी नंतर माग. आणि त्या पानांत कविता घालू नकोस.

आशीर्वाद आहेतच, डोकं तेवढं थंड ठेव.
नम्रताताई

रत्नागिरी, १२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राहिलो गो! नवख्यांसाठी त्यांच्या प्रोग्रामने आमच्याकडे पाठवायची पहिली विनंती जशीच्या तशी उतरवून दिली, काय उत्तर येईल तेही. जाणत्यांसाठी शेवटी तक्ता. आणि सगळ्यात वर लिहिलं, की पेटी फळाच्या आकारावर ठरते, म्हणून पेट्यांबरोबर दर पेटीचे डझनही पाठवा. तो रकाना आधीपासून होता ताई, मीच सांगितला नव्हता.

आज सकाळपासून फोन पुढ्यात ठेवून बसलो. वाजू नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते. अकराला तिची पहिली नोंद आली, बारा पेट्या, प्रत्येकी पाच डझन. एक प्रश्न नाही! साहेबांनी पाठ थोपटली नि माझा चेहरा पडला. आता ती फोन कशाला करेल?

दुपारी केला. म्हणाली, पानांत सगळं सापडलं, माफी तेवढी दिसली नाही. मागितली. मग तिने विचारलं, खरी पेटी भरताना कुठे बघायला मिळेल? उद्या आपल्या बागेत येतेय. बाबा असतील, काळजी नको.

तिला आणायला घरी ठेवलेली तुझी स्कूटर नेतोय. तरीही लोभ कमी करू नकोस.
तुझा,
शुभंकर