मंदाचे संगणक उन्हात

१२ फेब्रुवारी, जुना जालना

दुपारभर एकच गोष्ट डोळ्यांपुढे. नववीतला टायपिंगचा तास. बोटं दिसू नयेत म्हणून सिस्टर आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या. मंदा शेजारच्या मशीनवर. तिच्या रुमालाला कायम मेथीचा वास, कारण डबा त्यातच बांधून आणलेला. मला हसू आवरायचं नाही, ओळ चुकायची. ती मान वर न करता म्हणायची, "शैले, गप. सिस्टर बघून राह्यल्यात." एवढंच. काहीच घडलं नव्हतं त्या दिवशी.

मंदाला जाऊन तीन दिवस झाले. अंगणात धान्य निवडताना खाली बसली ती उठलीच नाही, असं तिच्या दिरानं, दत्तूभाऊंनी सांगितलं. केदारखेड्याला, तिच्या सासरी, जाऊन आले. तोंड पाहिलं. रडू आलं नाही, अजून येत नाही.

सकाळी फोन उचलला, तिलाच विचारायला की मंगळवारी तिच्या संगणकाच्या वर्गाला कोण कोण येणार. नंबर लावलासुद्धा.

१४ फेब्रु.

भाजी आणायला गेले तर जलीलभाईंनी दुकानातून हाक मारली. कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक मं. आणि मी त्यांच्याकडेच आणायचो, रिक्षात मांडीवर घेऊन. ते दुरुस्त करून द्यायचे, मग तिच्या खोलीत मांडायचो. असे पाच जमले होते.

"मॅडम, क्लास का क्या सोचा?"

शिकवायची ती. मी आपली मंगळवारी जाऊन इंग्रजी शब्द सांगायचे. ती कॉन्व्हेंटमध्ये माझ्याबरोबर शिकली, पण केदारखेड्याचीच होऊन गेली. बाया संगणकाला हात लावायला घाबरायच्या. ही म्हणायची, "भ्यायचं न्हाई. आपल्या घरातलंच भांडं हाये हे." त्या एका वाक्यावर वर्ग उभा राहिला. आता वर्गातली रुक्साना अख्ख्या गल्लीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरते. तालुक्याच्या, भोकरदनच्या खेपा बंद झाल्या लोकांच्या.

जलीलभाईंनी भाजीची पिशवी रस्ता ओलांडून आणून दिली.

१८ फेब्रु., केदारखेडा (एस.टी.त लिहिते आहे, अक्षर हलतं)

आज दहावा. पोचायला उशीर झाला. पुरुष नदीवरून परत यायचे होते, बायांनी घर धुवायला काढलं होतं. भिंतीवर गोधड्या, अंगणात घासलेली तांब्यापितळेची भांडी पालथी. आणि त्यांच्या मधोमध बाजेवर संगणक. पाचही. झाकणं काढून धुतलेले. पाणी निथळत होतं. वायरी दोरीवर लुगड्यांशेजारी. सुपात कीबोर्डची बटणं, सगळी सुटी, शेवया वाळत घालाव्यात तशी पसरून.

मी चपला काढायच्या विसरले.

सोजरबाई, मं.ची चुलत सासू, ऐंशीच्या घरातल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत साबणाचे. "या टीचर. समदं काढलं धुऊन. एक वस्तू न्हाई ठिवली."

"हे पण?"

"हे पण म्हंजी? मंदीच म्हनायची का न्हाई, घरातलंच भांडं हाये म्हून. मंग त्याला एकट्याला सुतकात ठिवावं का?"

मी काहीतरी बोलले. बरंच बोलले. सोजरबाईंचे हात तसेच हवेत राहिले, मग त्या आत निघून गेल्या.

रुक्साना मला स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, "टीचर, तुम्ही पूरं इंग्लिशमधी बोललात."

"मी?"

"हां. आम्हाला लफ्ज समजले न्हाई. बाकी समजलं."

१९ फेब्रु.

पहाटे जाग आली आणि तेव्हा लक्षात आलं. तोवर फक्त संगणकांचा विचार करत होते.

मं.चा आवाज. ज्या बायांना झरझर वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिनं सगळे धडे बोलून ठेवले होते. खिडकीजवळच्या तिच्या संगणकावर. "उजव्या हाताचं मधलं बोट. क. दाबा. आता भाकरी थापल्यावानी दनका देऊ नका, हळू." दुसरी प्रत कुठेच नाही. मी म्हणायचे, करून ठेव. ती म्हणायची, मी हाये ना.

तो पण बाजेवर होता. पाणी निथळत.

रुक्सानाला फोन केला. "कोणी सुरू नाही ना केला?"

"न्हाई टीचर. लायटीचा बोर्डच बंद केलता मी. आजीला म्हनले व्हते पानी नको. त्या म्हनल्या, रुकसे, तुज्या घरी मयतीनंतर काय असंच ठिवतेत का. मंग काय बोलू. बटनं तेवढी मीच काढून दिली, घासताना तुटतीन म्हून."

हसावं की काय ते कळेना. हसले. मग रडले. दहा दिवसांनी पहिल्यांदा.

२१ फेब्रु.

जलीलभाईंना जीपमधून घेऊन गेले. त्यांनी बाजेकडे पाहिलं, एका झाकणावरून बोट फिरवलं. मग, "बिलकुल साफ धोये हैं." नंतर एकेक उघडून फुंकर, कपडा, ऊन. दुकानावर घेऊन गेले सगळे. मं.चा सगळ्यात शेवटी बघू म्हणाले, त्यात पाणी जास्त गेलंय. डिस्कला ओल लागली नसेल तर आवाज निघेल. "लागली असेल तर?" ते स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

कीबोर्ड तेवढे ठेवून घेतले. मं.नं प्रत्येक बटणावर मराठी अक्षराची चिकटपट्टी लावली होती, ती सगळी निघून गेली. तिचा वळणदार क, तिचा ळ. नाल्यात.

ओसरीत बसून बटणं परत बसवली, इंग्रजी अक्षरं पाहून. रुक्साना आणि वर्गातलीच लताबाई बसवत होत्या, मी देत होते. लताबाई म्हणाली, "चिठ्ठ्या गेल्या तर जाऊ द्या टीचर. बोटाला याद हाये." आणि ओढणीचं टोक हातावर टाकून तिनं बंद कीबोर्डवर स्वतःचं नाव दाबून दाखवलं. मं.नं रुमालाचा खेळ इथेही चालवला होता तर. मला कधी बोलली नाही.

सोजरबाई शेजारच्याच घरात. बाहेर आल्या नाहीत.

२४ फेब्रु.

दत्तूभाऊ येऊन गेले. चहा घेतला नाही, त्यावरून ओळखलं.

"वहिनी व्हती तवर बराबर व्हतं. आता पोराचं लगन काढलंय, खोली लागती. जल्दी न्हाई काई. पन महिन्याच्या आखरीपर्यंत."

"म्हणजे शनिवारपर्यंत."

"तेच ते."

वाईट माणूस नाही. निघताना दारात थांबले. "सोजर काकू जेवंना झाली. म्हनती, मंदीचा आवाज म्या धुऊन टाकला. तिला कुनी सांगितलं ह्ये?"

मी नाही. रुक्साना बोलली असणार. सोजरबाई वर्गात कधी शिकल्या नाहीत. उंबऱ्यात बसून भाजी निवडत ऐकायच्या. आज समजलं काय ऐकायच्या.

२६ फेब्रु.

केदारखेड्याला गेले ते थेट सोजरबाईंकडे. त्या भिंतीकडे तोंड करून. शेजारी बसले. म्हटलं, "मी त्या दिवशी इंग्रजीत बोलले म्हणे."

भिंतीकडेच बघत त्या म्हणाल्या, "मंदी सुदिक चिडली की तसंच बोलायची. मला वाटलं तीच आली."

मग त्यांनी भाकरी मागितली.

जलीलभाईंचा फोन. तीन सुरू झाले. एक गेला, सुट्या भागांना उपयोगी पडेल. मं.चा अजून लावला नाही. आत वास येतो ओलीचा. सोमवारी बघू म्हणाले. मी म्हटलं, मी आल्याशिवाय बटण दाबू नका. मग म्हटलं, नाही, मी नसतानाच दाबा.

२८ फेब्रु.

खोली रिकामी केली. वर्गाला दुसरी खोली शोधणार होते, पण बायांचंच म्हणणं की यंत्रं घरोघर न्यावीत, आळीपाळीनं बसू. मला पटत नव्हतं. आता दुसरा उपायही नाही.

मं.नं काही सांगून ठेवलं नाही, त्यामुळे मागे राहिलेल्यांनी सगळं धुतलं. म्हणून मी लिहून ठेवते. उद्या मी नसले तरी असंच व्हावं.

चांगला चालणारा एक रुक्सानाला. अर्ज भरायला येणाऱ्यांना चहा पाजत बसू नये, ही अट.

एक लताबाईला. तिच्याकडे पत्रे तापतात, तेव्हा टेबलफॅन माझ्या घरचा.

तिसरा शाळेशेजारच्या अंगणवाडीताईंकडे, तिथे खालच्या गल्लीतल्या मुली येतील.

बंद पडलेला जलीलभाईंकडेच राहू द्यावा.

माझा टायपिंगचा रुमाल कपाटात, वरच्या कप्प्यात, साड्यांखाली. तो लताबाईला. धुवू नये.

मंदाचा संगणक सुरू झाला तर सोजरबाईंकडे. नाही झाला तरी सोजरबाईंकडे.