दिवेआगरच्या देवळातला बिल्ला

सारंग,

आपला बिल्ला सापडला. हे पत्र तुला पाठवणार नाही, पण सांगायला दुसरं कोणी नाही.

लग्नाच्या वर्षी आपली दोघांची नावं कोरून तो आपण नागपुरात एका लपवलेल्या डब्यात ठेवला होता. सापडेल त्याने तो पुढच्या गावच्या डब्यात न्यायचा, असा तो खेळ. वेबसाइटवर शेवटची नोंद दिवेआगरची होती. घटस्फोटाचा निकाल हातात आला, रजा शिल्लक होती, म्हणून एवढ्या लांब गेले.

वादळात तिथल्या आवडाबाईंच्या वाडीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पडला, तेव्हा दगडांतून खेळाचा तिथला डबा निघाला. आत खेळणाऱ्यांनी ठेवलेली बाहुली, मणी, नावांच्या चिठ्ठ्या. "आमाला करणीच वाटली," त्या म्हणाल्या. घाबरून लोकांनी डबा समुद्रात सोडला. बिल्ला मात्र आवडाबाईंनी देवळात नेला.

"नवराबायकोची नावं दिसली. कुणीतरी त्यांच्या वाईटावर असंल. म्हणून दर पुनवेला गाऱ्हाणं घालते, देवा, यांचा संसार नीट चालू दे."

बिल्ल्यावर कुंकवाचा थर होता. मला रडूबिडू आलं नाही.

"वळखता काय त्यांना?"

"हो."

"बरी हायत ना दोघं?"

"बरी आहेत," म्हटलं.

बिल्ला तिथेच ठेवला. वेबसाइटवर नोंद केलेली नाही. आवडाबाईंनी नारळ वाढवला, अर्धा देवापुढे ठेवला, अर्धा कागदात बांधून दिला. "त्या दोघांना द्या. वाटून खावा म्हणावं."

माझा वाटा मी गाडीत खाल्ला. तुझा फ्रीजमध्ये आहे.

केतकी