यॉट-शर्यतीची माझी जय्यत तयारी

३ जानेवारी
दाढ दाखवायला गेलो होतो. मी आ वासून पडलेला असताना डॉक्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, शर्यतीला आमच्या शिडाच्या यॉटवर याल का? बेचाळीस वर्षं चाललेली शर्यत! किनाऱ्यावरचे अकरा क्लब उतरतात, जिंकणारा वर्षभर कॉलर ताठ करून फिरतो. नेतृत्वगुण लपत नाहीत हेच खरं. निघताना वजन विचारलं. ब्याण्णव, म्हटलं. म्हणाले, वा! टोमणा कळला.

४ जानेवारी
संकल्प : पंधरा किलो कमी. साखर बंद. बायको म्हणाली, मागचा संकल्प तीन दिवस टिकला होता. साफ खोटं. चार. लेकीने वर्गात सांगूनही टाकलं की बाबा कप्तान आहेत. आता माघार नाही.

१८ जानेवारी
पहिला सराव. काम किरकोळ. यॉट डावीकडे कलली की उजव्या काठावर जाऊन बसायचं, उजवीकडे कलली की डाव्या. मोठ्या जबाबदारीआधीची परीक्षा असणार. मधूनमधून डावपेच सुचवले, पण वाऱ्यामुळे डॉक्टरांना ऐकू गेले नसावेत. नंतर त्यांनी मला केक खाण्याचा फार आग्रह केला. निग्रह तपासत होते. मी बोटही लावलं नाही. सोबत हौसेने आलेल्या साडूने चार तुकडे हाणले. एकशे चार किलोचा माणूस, पण लाज म्हणून नाही.

९ फेब्रुवारी
सहा किलो उतरले! डॉक्टरांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? त्यांचा चेहरा पडला होता. आपली खुर्ची जाईल ही धास्ती कोणत्याही कप्तानाला असायचीच.

२ मार्च, सकाळी ६
एक्क्याऐंशी! काल डॉक्टरांनी बायकोला फोन केला : हे नीट जेवतात ना? वर लोण्याचा डबा पाठवला. दातांचा डॉक्टर, पण किती जीव लावतो! डबा साडूकडे पोचता केला.

१५ मार्च. शर्यत.
वारा सोसाट्याचा. धक्क्यावर डॉक्टरांनी वजनकाटा मांडला. मी छाती काढून उभा राहिलो. सत्त्याहत्तर! आयुष्यात तडीला गेलेला पहिला संकल्प. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अहो, अशा वाऱ्यात यॉट उलटू नये म्हणून काठावर भार लागतो. तुम्हाला त्या ब्याण्णव किलोंसाठीच घेतलं होतं. मग त्यांनी माझ्या लेकीबरोबर शर्यत बघायला आलेल्या साडूला खूण केली. तो हातातल्या सँडविचसकट चढला.

मी आणि लेक धक्क्यावर. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? लेक म्हणाली, बाबा, इथून जास्त छान दिसतं.

आमची यॉट पहिली आली. साडू कप घेऊन उतरला. विचारलं, काय काय केलंस? म्हणाला, काही नाही रे, दोन तास सांगतील तिथे बसून होतो.

सांगतील तिथे बसून! ऑफिसात सव्वीस वर्षं मी दुसरं काय केलं? उभ्या जन्मात एकच काम माझ्या अंगच्या गुणांना शोभेल असं चालून आलं होतं. तेही मी मेहनत करून घालवलं.