एक गिगाबिटची राखण

८ जुलै २०२४, सोमवार
आज आमच्या औशाच्या कॉलेजात राष्ट्रीय संशोधन नेटवर्कची लाईन आली. एक गिगाबिट. देशातली विद्यापीठं, प्रयोगशाळा, मोठमोठ्या दुर्बिणी ज्या जाळ्यात आहेत, त्यात आता आम्हीही. प्राचार्यांनी नोडल ऑफिसर म्हणून माझं नाव दिलं. मी राज्यशास्त्राचा. प्राचार्य म्हणाले, शेषेराव, तुमच्याकडे तास कमी आहेत. म्हणजे त्यांचं माझ्याकडे बरेच दिवस लक्ष होतं.

घरी सांगितलं. हिने विचारलं, आता उशीर होत जाईल का? म्हटलं, देशाचं काम आहे. तिने लगेच भाताचं एक माप कमी केलं.

९ जुलै
संकल्प. लाईनला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. शिवाय या नेटवर्कच्या भवितव्यावर एक निबंध लिहायचा, २०४७ पर्यंतचा. आणखी एक संकल्प होता, आठवत नाही.

१५ जुलै, सकाळी १०.३०
स्पीड टेस्ट केली. हजारपैकी नऊशे चाळीस! लाईनच्या खोलीत एसी, निळे दिवे, चपला बाहेर. मलप्पा शिपायाला बोलावून स्क्रीन दाखवली. म्हणाला, सर, लई जोरात पळायलंय हे. पर जातंय कुठं?
अशा प्रश्नांना उत्तर देत बसायचं नाही. रोज साडेदहाला टेस्ट करायची.

२२ जुलै
फिजिक्सच्या हुमा मॅडम आल्या. एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या गटात त्यांना घेतलंय. ताऱ्यांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, तपासायच्या. आठवड्याला चारशे जीबी. मोबाईलवर चार-चार दिवस लागतात आणि मध्येच तुटतं म्हणे. लाईन वापरू का, विचारलं. म्हटलं, अर्ज करा. म्हणाल्या, अर्ज हातातच आहे. म्हटलं, विहित नमुन्यात. नमुना अजून तयार नाही. करतो.

५ ऑगस्ट
नमुना तयार. चार पानी. रकाना अकरा : ‘उतरवावयाच्या माहितीचा राष्ट्रीय विकासाशी संबंध’. हुमा मॅडमनी लिहिलं, ‘तारे आहेत.’ शेरा मारून परत पाठवला.

२४ ऑगस्ट, शनिवार
कळलं की हुमा मॅडम दर शनिवारी एसटीने लातूरला जातात. तिथल्या एका कॉलेजात मैत्रीण आहे, तिच्याकडून नोंदी हार्ड डिस्कवर भरून आणतात. तिथेही हीच लाईन. खोलीचं दार म्हणे उघडंच असतं, कुणीही येतं, बसतं. स्पीडचं काय होत असेल, कल्पना करवत नाही.
मॅडम कष्टाळू आहेत. नियोजन नाही.

१९ सप्टेंबर
बी.एस्सी.च्या ऋतुजाने व्हरांड्यात गाठून विचारलं, सर, मोबाईलवर फाइव्ह-जी असताना वेगळी लाईन कशाला? तिला अर्धा तास समजावलं. संशोधकांसाठी वेगळा रस्ता, गर्दी नाही, अडथळा नाही, एका क्लिकवर जगातली प्रयोगशाळा. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, एकदा दाखवा की. म्हटलं, दिवाळीनंतर.

११ नोव्हेंबर
दिवाळीनंतर विषय निघाला नाही. निबंधाचं पहिलं प्रकरण मात्र झालं. ‘देवाणघेवाण हाच या नेटवर्कचा आत्मा आहे.’ वाक्य जमलं. खाली रेघ मारली. मग पासवर्ड बदलला.

२८ जानेवारी २०२५
हुमा मॅडमची हार्ड डिस्क एसटीत चढताना पडली. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. दहा फेब्रुवारीपर्यंत गटाला काम द्यायचंय, लातूरच्या नुसत्या शनिवारांत ते सगळं पुन्हा उतरणार नाही. केबिनमध्ये आल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, सर, दहा दिवस द्या फक्त, पुन्हा कधी मागणार नाही. चष्मा काढून पुसत होत्या, पण चष्मा स्वच्छच होता.
मी हललो. म्हणूनच अर्ज स्वतःच्या अधिकारात न ठेवता समितीपुढे ठेवायचं ठरवलं. समितीत मी, प्राचार्य आणि ग्रंथपाल. प्राचार्यांच्या मुलीचं लग्न आहे. बैठक चौदा फेब्रुवारीला. चारच दिवसांचा फरक. ताऱ्यांच्या हिशेबात चार दिवस काहीच नाहीत.

१४ फेब्रुवारी
बैठक झाली. अर्ज एकमताने मंजूर. प्राचार्यांनी विचारलं, हे इतके दिवस का थांबलं होतं? म्हटलं, प्रक्रिया. मलप्पाला खोलीची किल्ली देऊन मॅडमकडे पाठवलं. तो किल्ली घेऊन परत आला. म्हणाला, मॅडम म्हणाल्या आता गरज न्हाई. गटातून नाव कमी झालंय त्यांचं.
विचारलं, काय करत होत्या? म्हणाला, पेपर तपासत व्हत्या सर.
किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली आणि वहीत लिहिलं, अर्ज निकाली.

१८ मार्च
नेटवर्कच्या ऑफिसातून आढावा घ्यायला साहेब आले. लॅपटॉपवर आलेख काढला. सरळ रेघ. म्हटलं, बघा, एकदाही बंद नाही! साहेब म्हणाले, सर, हा वापराचा आलेख आहे.
आठ महिन्यांत दोनशे बारा जीबी. रोज साडेदहाला एक काटा वर जातो, मग पुन्हा रेघ. साहेबांनी विचारलं, साडेदहाला कोणतं संशोधन चालतं? मी स्पीड टेस्टचं महत्त्व सांगितलं. ते लिहून घेत होते. मग विचारलं, या लाईनची गरज असलेलं इथे कुणी आहे का? मी अर्जाच्या नमुन्याबद्दल सांगायला लागलो. दारातून मलप्पा बोलला, व्हत्या की सर. एक मॅडम.

२ एप्रिल
लाईनच्या यंत्रांची रॅक काढून नेली. लाईन धर्माबादच्या एका कॉलेजला दिली. त्यांनी म्हणे मागणीतच वीस संशोधकांची यादी जोडली होती. देखावा असतो असा. खोलीत आता कबड्डीच्या मॅट ठेवल्यात.
हुमा मॅडम जूनपासून लातूरच्या त्या कॉलेजात जाणार आहेत. स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला. मी अभिनंदन म्हटलं. त्या थँक्यू सर म्हणाल्या. एवढंच झालं. एवढंच होणार होतं.

९ एप्रिल, बुधवार
नांदेडच्या चर्चासत्रात माझा निबंध स्वीकारला. ‘राष्ट्रीय संशोधन नेटवर्कचे भवितव्य’. पाचच्या आत फाईल पाठवा म्हणाले. ऑफिसचं इंटरनेट सकाळपासून बंद. मोबाईलवरून फाईल जाईना. बसस्टँडसमोर लालमहंमदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पुढे अकरा जण, सगळे फॉर्म भरणारे. रांगेत उभा राहिलो.
लालमहंमदने ओळखलं. सर, तुमच्या कॉलेजात तर लई मोठी लाईन आली होती म्हणे?
आली होती, म्हटलं.
मग?
म्हटलं, कुणी वापरलीच नाही.
का बरं?
पुढची पोरगी वळून माझ्याकडे बघत होती. लालमहंमद हात थांबवून उत्तराची वाट बघत होता. सांगण्यासारखं बरंच होतं माझ्याकडे, चार पानी नमुना होता, समिती होती. म्हटलं, आधी रांग सरकू द्या.
पाच वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर आला.