बोट ठेवलं की चालणारं मशीन

तीर्थरूप मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (स्टुलावर बसूनच लिहिते आहे, पण मनाने पूर्ण आडवी झाले आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामीने दाढ काढून घेतली, की डॉक्टरांनाच घाबरवून परत आली? मी उत्तम आहे. म्हणजे नुसती उत्तम नाही, मामा, माझे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि का ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

चार वर्षं शिकून तू नक्की करतेस तरी काय, असं तुम्हीच विचारलं होतं. तर आम्ही यंत्राच्या पोटात नखाएवढी चिप बसवतो आणि तिला अक्कल शिकवतो. याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. वॉशिंग मशीनने कधी थांबायचं, लिफ्टने कुठल्या मजल्यावर दार उघडायचं, हे तिला आमच्यासारखं कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक लाल दिवा लुकलुकवला. सेकंदाला एकदा, फक्त माझ्या सांगण्यावरून. आनंद पोटात मावेना म्हणून आईला फोन केला, तर ती म्हणाली, "आपल्याकडे भिंतीवर बटण आहे त्याला." (तुमची बहीण आहे, मी काय बोलणार.)

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी माझ्यापुढे अंडी उबवण्याचं मशीन आणून ठेवलं. आत साठ अंडी, ऊब कायम एकसारखी, आणि दर तासाला ट्रे आपोआप कलायला हवा, नाहीतर पिल्लू टरफलाला आतून चिकटतं. (या विषयात आता मी कोंबडीलाही चार गोष्टी सांगू शकेन.) तीन महिन्यांत हे जमलं तर नोकरी कायम, नाहीतर आपापल्या घरी सुखी राहा, असा साहेबांचा सरळ हिशेब. मी प्रोग्राम लिहिला, बोर्ड जोडला, आणि ट्रे ढिम्म हलेना. कुठे काही तापतंय का ते बघायला बोर्डवर बोट ठेवलं, तर ट्रे छान कलला. बोट उचललं की पुन्हा रुसून बसला. पंधरा दिवस मी प्रोग्रामची ओळ न् ओळ पिंजून काढली, पण चूक काही सापडेना. अशात एक हॅचरीवाले (म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारे) गृहस्थ मशीन बघायला दारात हजर. मग काय करणार? चाळीस मिनिटं मी मशीनच्या मागून एक हात आत घालून उभी राहिले, दुसऱ्या हाताने चहा प्यायले, आणि ही आमची कामाची पद्धतच आहे असा चेहरा ठेवला. निघताना त्यांनी साहेबांना अगदी गंभीरपणे विचारलं, "या बाई मशीनबरोबरच मिळतात का?"

साहेबांनी हसून वेळ मारून नेली, पण नंतर माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली. मला वाचवलं ते सोल्डरिंगच्या काकूंनी. त्या तीस वर्षं त्याच टेबलावर डाग देत बसल्या आहेत. त्यांनी चष्मा पुसला, बोर्ड उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "इथला रेझिस्टर कुठं गेला गं?" तो तिळापेक्षा लहान असतो, मामा, आणि एवढ्याशाने काय अडतंय म्हणून मीच तो गाळला होता. त्यामुळे ट्रेच्या स्विचची तार अधांतरी राहिली. 'हो' म्हणायचं की 'नाही' हे तिला सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून जो हात लावेल त्याचं ती ऐकायची. मी साहेबांपुढे जाऊन चूक कबूल केली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "आता खरी अंडी ठेवा."

पुढचे एकवीस दिवस मी हात मागे बांधून काचेतून बघत होते. (काकूंची सक्त ताकीद होती.) काल सकाळी एका अंड्याला बारीक चीर गेली. मग शेजारच्याला. दुपारपर्यंत साहेब, काकू, हिशेबनीस, दारावरचा वॉचमन, सगळे कामं टाकून मशीनभोवती कोंडाळं करून उभे, आणि संध्याकाळी मोजली तर चोपन्न पिल्लं. मी सगळ्यांसमोर रडले, मामा. मी लिहिलेल्या ओळींनी कोणाला तरी तीन आठवडे ऊब दिली, याचा मला फार फार आनंद झाला आहे. तो सगळ्यात आधी तुम्हाला कळवावा म्हणून हे पत्र.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची लाडकी भाची

ता. क. साहेबांनी ऊब, ओलावा, ट्रे, सगळ्याचा दिवसवार तक्ता केला होता. त्यात बाविसावा दिवसच नाही. पिल्लं बाहेर आल्यावर त्यांचं करायचं काय, हे आम्हा सात इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. हॅचरीवाले रोगाच्या भीतीने बाहेरची पिल्लं आत घेत नाहीत. सध्या ती काकूंच्या टेबलावर फिरताहेत आणि काकू घरी निघून गेल्या आहेत. मला कायम केल्याचं पत्र टाईप होऊन तयार आहे, पण सही सोमवारी, टेबलं मोकळी दिसली तर. मामा, तुमचं परस किती ऐसपैस आहे.

ता. क. २ तुम्हाला शांतता प्रिय आहे हे मी साहेबांना आवर्जून सांगितलं. ते म्हणाले, पिल्लं फारच हळू बोलतात. टेम्पो रविवारी सकाळी नऊला पोचेल. ऊब द्यायचा दिवा बरोबर देते आहे.

ता. क. ३ मामीला मी काल विसावं पिल्लू बाहेर आलं तेव्हाच फोन केला होता. हे पत्र पोचेपर्यंत तिने परसाला जाळी लावून घेतली असेल आणि ती टोमॅटोसाठी आहे असं तुम्हाला सांगितलंही असेल. टोमॅटो कुठे पळून जातात, मामा?